मी न बनवलेलं व्हर्जन पाच

नमस्कार. इथले अनुभव मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून वाचते आहे, बसमध्ये, मेसच्या रांगेत. खरं सांगायचं तर हसायलाच वाचायचे. आमच्या घरी लिंबू-मिरची दाराला बांधत नाहीत, भाजीत टाकतात. बाबा म्हणतात, भूत असतं तर गोंडपिपरीच्या स्टँडवर शेवटच्या एसटीची वाट बघताना मला भेटलंच असतं, तिथं दुसरं कोणी नसतंच. मीही तशीच. त्यात मी चंद्रपूरला बीसीए केलेलं. कॉम्प्युटर जे करतो ते कोणीतरी सांगितलं म्हणूनच करतो, असं आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं आणि मी ते मनापासून मानलं. अजूनही मानायचं आहे... म्हणून तर लिहिते आहे.

आधीच सांगते, यात पांढऱ्या साडीतली बाई नाही. एक फाईल आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसावं, मला चालेल. मला कौतुक चालत नाही, आणि गेले कित्येक महिने मला तेच मिळतं आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. घरचं धान आणि कापूस. त्यामुळे फायनल इयरचा प्रोजेक्ट निवडताना वाटलं, काहीतरी खरंच उपयोगाचं करावं. मुलचेऱ्याला एक छोटी संस्था आहे, नाव देत नाही. आजूबाजूच्या गावांतल्या सिकलसेलच्या पेशंटांना ती बघते. सिकलसेल म्हणजे रक्ताचा आजार, जन्मापासूनचा. आमच्या भागात तो काय असतो हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मध्येच असं दुखणं उठतं की माणूस हाडं मोडल्यासारखा ओरडतो. संस्थेच्या सिस्टर गावोगाव फिरतात. कोणाला काय झालं, काय औषध दिलं, ते वहीत लिहायच्या. मी म्हटलं, वही कशाला, मी ॲप करून देते, टॅबलेटमध्ये लिहा. त्यांनी विश्वास ठेवला. वह्या बंद झाल्या.

आता थोडं टेक्निकल, नाहीतर पुढचं कळणार नाही. जंगलातल्या गावांत नेटवर्क नसतं, म्हणून सगळी माहिती टॅबलेटमध्येच एका फाईलमध्ये राहते. तिला डेटाबेस म्हणतात. आमच्याकडे धान ठेवायची बांबूची ढोली असते, तशी समजा. ॲपचं नवीन व्हर्जन आलं की त्यात नवीन नावाची ढोली तयार व्हायची, जुन्या ढोलीतलं धान तिच्यात ओतलं जायचं, आणि मग बाकीच्या सगळ्या मोडल्या जायच्या — टॅबलेट स्वस्तातले, जागा कमी. हे सगळं ॲप पहिल्यांदा उघडलं की आपोआप होतं. फक्त कोणती ढोली ओतायची, तिचं नाव मी कोडमध्ये बरोबर लिहिलेलं पाहिजे.

आणि माझी नावं... पहिल्या व्हर्जनच्या डेटाबेसचं नाव मी 'पेशंट' ठेवलं होतं. दुसऱ्याचं 'पेशंट_फायनल'. मग तिसरं करावं लागलं, त्याचं 'पेशंट_फायनल_न्यू'. रिव्ह्यूच्या दिवशी सरांनी ती नावं प्रोजेक्टरवर मोठी करून दाखवली.

"पुढचं काय? फायनल न्यू लेटेस्ट? मग फायनल न्यू लेटेस्ट खरंच?"

वर्ग हसला. मागून एक जण म्हणाला, "सर, यांच्या घरी पोरींची नावं पण अशीच ठेवली असतील. नकोशी, नकोशी फायनल..."

आम्ही तिघी बहिणी आहोत हे त्याला माहीत होतं. सरही हसले. वाईट माणूस नाहीत ते, पण हसले.

रूमवर येऊन मी पहिलं काम काय केलं, तर सगळ्या नावांची सफाई. व्ही१, व्ही२, व्ही३, आणि नवीन येणारं 'पेशंट_व्ही४'. कोडमध्ये बदललं, माझ्या लॅपटॉपवरच्या जुन्या फाईलींची नावंही बदलली. मग टेस्ट केली. व्ही३ मधलं सगळं व्ही४ मध्ये सुरळीत ओतलं गेलं. मी खूश. माझ्या लॅपटॉपवर व्ही३ होती ना. पण गावात फिरणाऱ्या टॅबलेटमध्ये व्ही३ नावाचं काही नव्हतंच. तिथं अजून 'फायनल_न्यू' होती. मला नावांची लाज वाटली म्हणून मी माझ्याकडची नावं बदलली, आणि तिकडची पण बदलली असतील असं धरून चालले. शिकलेलं माणूस असं करतं का? मी केलं.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. नवीन व्हर्जन आधी एकाच टॅबलेटवर टाकायचं ठरलं, सुरेखाबाईंच्या. त्या संस्थेच्या सिस्टर, मूळच्या बल्लारपूरच्या. त्या बाजूची गावं त्यांच्याकडे नवीनच आली होती, आधीची सिस्टर दिवाळीनंतर नोकरी सोडून गेली होती, तिचाच टॅबलेट आता यांच्याकडे होता. मी सकाळी मुलचेऱ्याच्या ऑफिसात त्यांच्या टॅबलेटवर ॲप टाकलं. उघडून बघणार, तेवढ्यात त्यांनी स्कूटी सुरू केली.

"चाल वं वैशाली, तिथीच उघडजो. ऊन चढून राह्यलं."

रस्ता सांगते. मुलचेऱ्यातून निघालं की आधी बंगाली वस्त्या लागतात, घरामागं मासोळ्यांची तळी, दारात केळी. मग कालवा. कालव्यानंतर डांबर संपतं, सागाचं आणि बांबूचं जंगल सुरू होतं, आणि एका नाल्याच्या उतारावर मोबाईलची शेवटची काडी जाते. पुढं काही अंतरावर ते गाव. त्या दिवशी सगळ्या अंगणांत मोहफुलं वाळत घातलेली, हवेला तो गोड, जडसर वास. सुरेखाबाई म्हणाल्या, "तुह्या ॲपले माह्यापेक्षा जास्त चार्जिंग लागते बाप्पा. मी एका चहात दिवस काढतो." बाई स्वतःबद्दल असंच बोलतात, पुरुषासारखं. मी हसले. शेवटचं ते तेव्हाच हसले असेन.

गावात शिरतो न शिरतो तोच एक म्हातारी पळत आली. तिला सगळे बुढीच म्हणतात. तिची नात मंगली, आठ-नऊ वर्षांची, सिकलसेलची. दोन्ही पाय पोटाशी घेऊन खाटेवर पडलेली. रडत नव्हती. ओरडून ओरडून आवाज बसला होता, नुसतं तोंड उघडत होतं. मी असं कधी बघितलं नव्हतं.

सुरेखाबाईंनी पेटी उघडली, दुखणं थांबवायची सुई भरली. तेवढ्यात बुढी म्हणाली, "बाई, मागं दवाखान्यात सुई देल्ली होती तं पोरीचं तोंड असं फुगलं होतं. श्वासच बंद झाला होता."

सुरेखाबाईंचा हात थांबला. "कोणती सुई?"

"पांढरी."

"सगळ्याच पांढऱ्या रायते, आजी! नाव?"

"नाव तिच्या मायले मालूम. माय गेली मिरची तोडाले तेलंगणात. दवाखान्याची फाईल तिच्यापाशीच हाय."

"कोणाले सांगितलं होतं काय हे?"

"त्या पयलेवाल्या सिस्टरले सांगितलं ना. तिनं त्याच्यात लिवलं." बुढीनं टॅबलेटकडे बोट दाखवलं.

सुरेखाबाईंनी टॅबलेट उघडला. मी बाजूलाच होते. स्क्रीनवर बारीक गोल फिरला, मग यादी आली. यादी म्हणजे... काही नाही. एकही नाव नाही.

"वैशाली, हे काऊन रिकामं दिसते?"

मला त्याच क्षणी समजलं. व्ही३ सापडली नाही, म्हणून काहीच ओतलं नाही. आणि मग मी लिहिल्याप्रमाणे बाकीचं सगळं मोडलं. आत्ता, आमच्या डोळ्यांदेखत, तो गोल फिरला तेव्हा.

"बाई," मी म्हटलं, "माझ्यामुळे गेलं. सगळं गेलं."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाल्या, "रडू नको आत्ता. माह्यापाशी दोन सुया हाय. एक हे, एक हे. यातली कोणती?" जणू मी सांगू शकले असते.

ऑफिसला फोन लागणार नव्हता. आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जे होतं ते दिवाळीच्या आधीचं, हे नंतर आम्ही तपासलं. मी बॅगेतून लॅपटॉप काढला, केबलनं टॅबलेटला जोडला. कशासाठी, तर पुसलेल्या फाईलचा काही तुकडा उरला असेल तर बघावा. आशा नव्हती. हाताला काहीतरी करायचं होतं, एवढंच.

डेटाबेसच्या फोल्डरमध्ये एकच फाईल असायला हवी होती. दोन होत्या.

'पेशंट_व्ही४'. रिकामी. आणि तिच्या खाली 'पेशंट_व्ही५'.

व्ही५ मी बनवलेली नव्हती. मनातसुद्धा नव्हती. आणि चुकून कुठून आली असती तरी माझ्याच कोडनं ती पुसायला हवी होती, कारण व्ही४ सोडून सगळं मोड, असंच मी लिहिलं होतं. मी ती उघडली. आत सगळी गावं होती. सगळी नावं. मी 'मंगली' शोधलं. तिच्या नावापुढं एक खाना होता, 'देऊ नये'. असा खाना माझ्या ॲपमध्ये कधीच नव्हता. आधीच्या सिस्टर ते शेऱ्यात कुठंतरी लिहायच्या. इथं वेगळा खाना, आणि त्यात एका औषधाचं नाव.

मी मोठ्यानं वाचलं. सुरेखाबाईंनी हातातल्या सुईकडे बघितलं. ती सुई त्यांनी खाली ठेवली आणि दुसरी भरली.

हळूहळू मंगलीचे पाय सैल पडले. गावातल्या एकाची पिकअप होती, तिच्यात मोहाची पोती बाजूला सारून तिला झोपवलं आणि दवाखान्यात नेलं. पोरगी वाचली. पुढं तिची आई मिरचीवरून परतली तेव्हा तिच्याजवळची फाईल बघितली. तेच औषध. लाल पेनानं लिहिलेलं.

इथून पुढं माझी लाज सुरू होते.

पिकअपमध्येच मी सुरेखाबाईंना सांगितलं, बाई, ती फाईल माझी नाही. त्या म्हणाल्या, "राहू दे वं. दोन ठिकाणी ठेवलं होतं म्हणून सांग ना सरळ. लाजतेस काऊन?" संस्थेत त्यांनी तसंच सांगितलं — आमच्या वैशालीनं आधीच एक जास्तीची करून ठेवली होती. मी म्हटलं, नाही, मी तर सगळं पुसलं होतं. तर सगळे म्हणाले, बघा किती साधी पोरगी आहे.

कॉलेजात सरांना सगळं दाखवलं. फाईलची कॉपी मी लॅपटॉपवर घेतली होती. सर म्हणाले, "टेस्टिंग करताना तूच केली असशील, विसरली असशील." मी म्हटलं, "सर, पण त्यात दिवाळीनंतरच्या नोंदी आहेत. त्या माझ्याकडे कधी नव्हत्याच." प्रत्येक डेटाबेसच्या आत व्हर्जनचा आकडा लिहिलेला असतो, तो त्यांनी तपासला. पाच. मग म्हणाले, "तुझं ॲप चारचं, फाईल पाचची... असं होत नाही." आणि दुसऱ्याच दिवशी व्हायव्हाला बाहेरून आलेल्या मॅडमना सांगितलं, "हिच्या डिझाईनमुळे एक जीव वाचला." मॅडमनी टाळ्या वाजवल्या. नकोशी फायनल म्हणणाऱ्यानंही. मी उभी राहून म्हटलं, "मॅडम, ते मी केलं नाही." मॅडम म्हणाल्या, "असं नसतं बोलायचं, मुलींनी आपलं श्रेय घ्यायला शिकलं पाहिजे." आणखी टाळ्या.

तुम्हाला वाटेल, कसली लाज, पोरगी वाचली ना. पण तुम्ही कोणाची ढोली पेटवली असेल, आणि ती कोणी दुसऱ्यानं विझवली असेल, आणि गाव हार घेऊन तुमच्या दारात आलं असेल... तर कसं वाटेल? आणि विझवणारा दिसतच नाही. हार द्यायचा कोणाला?

उन्हाळ्यात संस्थेनं पुढचं व्हर्जन मागितलं. चारनंतर पाच येणारच. मला ते नाव टाळायचं होतं, सरळ सहा करावं असंही मनात आलं. पण सगळ्यांना 'देऊ नये' चा खाना हवाच होता, आणि नियमानं चारनंतर पाचच. मी ठरवलं, त्या फाईलकडे बघायचं नाही, आपल्या डोक्यानं लिहायचं. पूर्ण सुट्टी त्यात गेली. सुरेखाबाई फोनवर एकेक मागणी सांगायच्या, मी खाने वाढवायची. मध्ये थकून एकदा 'गाव' दोनदा टाकलं, 'गाव' आणि 'गाव२', आणि काढायचं राहून गेलं. सगळ्यात शेवटी त्यांनी एक खाना मागितला, 'सध्या'. म्हणजे पेशंट आता कुठं आहे — गावातच, बाहेरगावी, की वारला.

झाल्यावर मात्र राहवलं नाही. दोन डेटाबेसची रचना शेजारी ठेवून तपासता येते — आतली माणसं नाही, फक्त खान्यांची नावं दिसतात. मी माझी व्ही५ आणि ती व्ही५ शेजारी ठेवल्या.

काहीच फरक नाही. क्रम तोच. 'गाव२' सुद्धा, माझा गबाळेपणासुद्धा त्याच जागी. आणि शेवटी 'सध्या'.

म्हणजे ती फाईल दुसऱ्या कोणाची नव्हतीच. माझ्याच हातची होती, फक्त मी ती अजून केलेली नव्हती. त्या दिवशी मी 'देऊ नये' च्या पुढं सरकवून बघितलंच नव्हतं. मग लक्षात आलं, त्या फाईलमध्ये 'सध्या' चा खाना असेल तर त्यात काहीतरी लिहिलेलंही असू शकतं. प्रत्येकापुढं. मंगलीपुढं.

मी लॅपटॉप बंद केला.

नवीन व्हर्जन द्यायला परत त्या गावी गेले. मंगली अंगणात कोंबडीच्या मागं पळत होती. बुढीनं माझ्या ओंजळीत चारोळ्या ओतल्या. मी म्हटलं, "आजी, मी काही केलं नाही. उलट माझ्यामुळेच..."

"मालूम हाय," ती म्हणाली. "तू रडून राह्यली होती तवा पाह्यलं ना मी. ज्यानं ठेवलं असते ते रडते काय?"

इतक्या महिन्यांत माझ्यावर विश्वास ठेवणारं हे पहिलं माणूस. मला एकदम हलकं वाटलं आणि त्याच वेळी जमिनीत जावंसं वाटलं.

"मग ते कोणी ठेवलं, आजी?"

"मले का मालूम? आमच्या घरी लेकराचं नाव ठेवत नाई, विचारते. जुन्या माणसाईचे नाव घेत राहाचं, एकेक. ज्या नावाले लेकरू रडाचं थांबते, ते माणूस वापस आलं म्हणाचं. तुह्या डब्ब्यात बी येत असन कोणी." आणि आपल्याच बोलण्यावर ती खळखळून हसली.

मी विचारलं, "पण पुढच्या दिवसांतून कोणी येतं का? आणि आलं तर त्याला विचारायचं का, की हे लेकरू... किती दिवस..." माझ्यानं पूर्ण बोलवेना. मंगली जवळच होती.

बुढीचं हसणं थांबलं. ती खाटेवरच्या चारोळ्या निवडत राहिली. मग म्हणाली, "तेवढं नाई विचारत वं. नाव विचारते, अन् दूध पाजते."

मंगली माझ्या खांद्यावरून टॅबलेटमध्ये डोकावली. "बाई, माह्यं नाव हाय काय यात?" मी तिचं नाव काढून दाखवलं, माझ्या खऱ्या व्ही५ मध्ये. 'देऊ नये' च्या खान्यात मी स्वतः औषधाचं नाव भरलं. 'सध्या' मध्ये लिहिलं, गावातच. ती म्हणाली, "तुमी माह्याकडं काऊन पाहात नाई?" मी म्हटलं, चार्जिंग कमी आहे.

ती कॉपी अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. मी ती उघडत नाही. त्यात कोणाचं काही वाईट लिहिलेलं असेल आणि आधी कळलं तर वाचवता येईल, असं रोज मनात येतं, आणि तरी उघडत नाही. पुसतही नाही. दोन्हीची लाज वाटते. मंगली भेटली की मी तिच्याशी बोलते, पण तिच्या चेहऱ्याकडे नीट बघणं मला जमत नाही.

इथं कॉम्प्युटरमधले बरेच लोक आहेत. हे कसं झालं असेल, ज्यांना कळत असेल त्यांनी जरूर लिहा. कॅशे म्हणा, टॅबलेटचं घड्याळ म्हणा, माझा विसराळूपणा म्हणा, मी सगळं ऐकेन. सगळं तपासून झालं आहे, तरी परत तपासेन.

फक्त एकदा उघडून बघ, असं कोणी सांगू नका.